नाव ठेवणारे आणि नाव सोसणारे



या अंकाचं संपादकीय खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरलं होतं. पण आमच्या गटाच्या एका शिबिरात असं काही घडलं की त्यानंतरच्या दोन बैठका त्यातच गेल्या, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मलाच सांगितलं, 'तूच ते शिबिर घेतलंस, आता तूच लिही.' विषय वरवर पाहता आपल्यापासून फार लांबचा आहे. कॉम्प्युटरवरच्या एका प्रोग्रॅमनं आपलं नाव बदलावं की बदलू नये, एवढाच. तरीही वाचा अशी विनंती.

गेली काही वर्षं आपल्या गटाची पोस्टरं, पत्रकं आणि या त्रैमासिकाची मुखपृष्ठंसुद्धा 'गिम्प' नावाच्या एका प्रोग्रॅमवर तयार होतात. फोटो कापणं, रंग बदलणं, वर अक्षरं टाकणं अशी सगळी कामं त्यावर होतात. आपण तो वापरतो कारण त्याला पैसे पडत नाहीत. पण तो नुसता फुकट नाही, तर मुक्त आहे. म्हणजे तो कसा लिहिलाय ते कुणीही उघडून बघावं, हवं तसं बदलावं आणि बदललेलं पुढे वाटावं, अशी लेखी मुभा त्याच्या परवान्यातच दिलेली आहे. जात्यावरच्या ओवीसारखं म्हणा ना. पहिली कुणी म्हटली ते कुणी विचारत नाही, जी दळायला बसते ती आपली ओळ जोडते. मला ही कल्पना पहिल्यापासून फार आवडत आलेली आहे. बायकांनी आपलं मानावं असं तंत्रज्ञान कुठलं असेल तर ते हेच, असं मी किती शिबिरांतून सांगितलंय!

या वेळी शिबिराला एका तालुक्याच्या गावच्या अपंग महिलांच्या बचत गटातल्या चौदाजणी आल्या होत्या. कुणाला लग्नपत्रिका करायला शिकायचं होतं, कुणाला दुकानाचा बोर्ड करायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणकामाचं दुकान चालवणारी एकजण मोबाइल हातात धरून माझ्याकडे आली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ती कुबडी घेऊन चालते. म्हणाली, 'ताई, तुम्ही शिकवताय ते छान आहे. पण याचं नाव "लंगडा" आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?' तिनं डिक्शनरीत शब्द टाकून बघितला होता. तिथे अर्थ दिला होता: लंगडणारा, पांगळा, आणि वर टीप, की हा शब्द अपमानकारक आहे.

मला माहीत होतं. आठ-दहा वर्षांपूर्वीच कुठेतरी वाचलेलं होतं, आणि आपल्याकडे गिम्प या शब्दाला काहीच अर्थ नाही, कुणाला कळणार आहे, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. हे तिला सांगताना माझी मान खाली गेली. ती मात्र रागावली नव्हती. हसून म्हणाली, 'शाळेत लंगडीचा डाव मांडला की मुली मला म्हणायच्या, तू कशाला खेळतेस, तुझं तर रोजचंच चाललंय. इथंही तेच भेटलं!' बाकीच्या हसल्या, तीही हसली. मग सगळ्या पुन्हा कामाला लागल्या. समाजकार्याच्या एम.ए.ला आम्हाला 'कलंक' या विषयावर अख्खा एक पेपर होता, त्यात मला चांगले मार्क पडले होते. त्यातलं एक वाक्य त्या क्षणी उपयोगाला आलं नाही.

आता हे नाव आलं कुठून ते सांगते. १९९५ साली अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. 'इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्रॅम'ची आद्याक्षरं जुळवली की होतं 'इम्प'. त्याच्या आधी 'ग' लावला तो त्या काळात गाजत असलेल्या 'पल्प फिक्शन' या १९९४ च्या चित्रपटावरून. त्यात चामड्याच्या पोशाखात जखडून, पेटीत कोंडून ठेवलेलं एक पात्र आहे, त्याला सगळे 'गिम्प' म्हणतात. हा शब्दाचा दुसरा अर्थ, लैंगिक व्यवहारातल्या गुलामाचा. त्या 'ग'ला आधी 'जनरल' आणि पुढे 'ग्नू' असा प्रतिष्ठित अर्थ मिळाला. पण सुरुवात झाली ती दोन तरुण मुलांच्या गमतीतून. होस्टेलच्या खोलीत अशी नावं ठेवली जातातच. ती पोरं वाईट होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. एवढं मोठं काम त्यांनी जगाला देऊन टाकलं. त्यासाठी खिडक्या, बटणं काढायची जी साधनं त्यांनी तयार केली, त्यांच्यावर पुढे मुक्त संगणकांचं निम्मं जग उभं राहिलं.

नाव बदला अशी मागणी त्यांच्याकडे अनेक वर्षं होत आलेली आहे. सध्या काम करणारी मंडळी त्याला जे उत्तर देत आली आहेत ते थोडक्यात असं: वीस वर्षांहून जास्त काळ हे नाव चालत आलंय, जगभर ते माहीत झालंय. भाषा अशी धुऊन-पुसून निर्जंतुक करत गेलं तर शेवटी भलं होण्यापेक्षा नुकसानच होईल. आणि ज्यांना फारच खटकतं त्यांनी लांबलचक पूर्ण नाव वापरावं, नाहीतर आपली वेगळी आवृत्ती वेगळ्या नावानं काढावी, परवाना त्याला मोकळा आहे.

तसं काहींनी केलंही. २०१९ साली 'ग्लिम्प्स' या नावानं गिम्पचीच वेगळी आवृत्ती निघाली. ते काम करणारे हात थोडे होते. २०२१ मध्ये ते थांबलं. यावर काहीजण टाळ्या पिटून म्हणतात, बघा, लोकांना नावाचं काही पडलेलं नाही. मला यातून वेगळंच दिसतं. 'नको असेल तर तुमचं वेगळं घर बांधा' हे उत्तर बायकांनी कितीदा ऐकलंय! घर बांधायला लागणारे हात, पैसा, ओळखी सगळं जुन्या घरातच आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आमच्या बैठकीत सगळ्यात कडक विरोध केला तो आमच्या गटातल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या बाईंनी. त्या म्हणाल्या, 'त्या चौदाजणींपैकी किती जणींच्या घरी कॉम्प्युटर आहे? एकीच्याही नाही. शिबिराच्या हॉलला चढायला उतार होता का? नव्हता. दोघींना उचलून वर नेलं. आणि तुम्ही अमेरिकेतल्या नावावर दोन तास घालवताय.' हे ऐकून सगळ्या गप्प झाल्या, आणि व्हायलाच हवं होतं. हॉलला उतार नाही ही चूक आमची, ती बघण्याची जबाबदारी माझी होती. नाव बदलणं हे सगळ्यात स्वस्तातलं काम असतं आणि म्हणून सत्तेतल्या लोकांना ते फार आवडतं, हा बाईंचा मुद्दा मी विसरू शकत नाही. अपंगांना 'दिव्यांग' म्हणा असं २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचवलं, तेव्हा अनेक अपंग कार्यकर्त्यांना ते रुचलं नव्हतं. आम्हाला देवत्व नको, बसमध्ये चढता येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. एप्रिल २०२३ मध्ये आपल्या राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांच्या नावाआधी 'गंगा भागीरथी' लावण्याचा प्रस्ताव पुढे केला, तेव्हा आपणच सगळ्यांनी मिळून केवढा गदारोळ केला होता! नवरा गेला हे बाईच्या नावावर लिहायचंच कशाला, हा आपला प्रश्न होता. गोड नाव हे काही कमी नाव नसतं.

म्हणजे नाव बदलणं ही गोष्ट मुळात चांगली, असं आपल्याला म्हणता येणारच नाही. आपल्याइतकं ते कुणाला कळणार? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात, वीस-बावीस वर्षं ज्या नावाला हाक दिली ते एका दुपारी पुसलं जातं, आणि भोवती बसलेले सगळे पेढे खातात. पण दुसरी बाजूही आपल्याच राज्यात घडलीय. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात 'नकुशी', 'नकोशी' अशी नावं असलेल्या २८० हून जास्त मुलींनी नवी नावं घेतली. तिथे नाव बदलल्यानं घरातली वागणूक लगेच बदलली असेल असं कुणी म्हणणार नाही. पण शाळेत हजेरीच्या वेळी रोज सकाळी 'नको असलेली' अशी हाक ऐकून 'हजर' म्हणायचं, ते तरी थांबलं. या दोन्हींत फरक काय? ताटातलं नाव दुसऱ्यानं ठेवलं. साताऱ्यात मुलींनी स्वतः निवडलं.

गिम्पचं नाव घेताना हाच प्रश्न विचारावा लागतो. ठेवलं कुणी आणि सोसतं कोण? काही अपंग माणसं इंग्रजीत स्वतःला मुद्दाम 'गिम्प' म्हणवून घेतात, शिवी उलटवून छाती पुढे काढतात, हे मला माहीत आहे. 'दलित' हा शब्दही असाच स्वतः उचललेला, अभिमानानं धरलेला. पण तो हक्क ज्याला तो शब्द मारलेला असतो त्याचा. बर्कलीच्या त्या दोघांनी शिवी उलटवली नव्हती, चित्रपटातून उचलली होती.

याच सुमाराला मला दुसऱ्या एका प्रोग्रॅमची गोष्ट कळली, आणि माझं मत पक्कं झालं ते तिच्यामुळे. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगणक संशोधन संस्थेत, इन्रियामध्ये, १९८४ पासून एका प्रोग्रॅमवर काम चाललेलं आहे. गणिताची सिद्धता एकेक पायरी करून त्याच्यापुढे मांडायची, तो प्रत्येक पायरी तपासतो. 'हे उघडच आहे' असं म्हणून एकही पायरी गाळू देत नाही. (असा प्रोग्रॅम आपल्या काही कार्यकर्त्यांच्या भाषणांना लावावा असं वाटतं, पण ते असो.) कुठलाही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारचे दोन प्रदेश एका रंगाचे होत नाहीत, हे १८५२ पासूनचं कोडं १९७६ मध्ये सुटलं खरं, पण त्या सिद्धतेतलं बरंच काम कॉम्प्युटरनं केलेलं असल्यानं अनेकांच्या मनात शंका राहिली होती. २००५ मध्ये जॉर्ज गाँतिए यांनी ती याच प्रोग्रॅमवर पायरीपायरीनं तपासून दाखवली. हा प्रोग्रॅम घडवणाऱ्यांत जेरार ह्युए आणि तिएरी कोकाँ यांच्या बरोबरीनं क्रिस्टीन पोलँ-मोरिंग या बाईचंही पायाभूत काम आहे. २०१३ साली संगणकशास्त्रातला एक मोठा पुरस्कार मिळाला, त्या यादीत त्या आहेत.

या प्रोग्रॅमचं नाव होतं 'कॉक'. फ्रेंचमध्ये कॉक म्हणजे कोंबडा, तो फ्रान्सचा मानाचा पक्षी. शिवाय कोकाँ यांच्या आडनावाचीही त्यात आठवण. नाव अगदी निरागस. पण इंग्रजीत त्याचा उच्चार पुरुषाच्या लिंगासाठीच्या बाजारू शब्दासारखा होतो. परिषदेत उभं राहून एखाद्या मुलीनं 'मी कॉकवर काम करते' म्हटलं की मागच्या रांगेत काय होत असेल ते मी तुम्हाला सांगायला नको. काहीजणी या नावापायी तो विषयच टाळत होत्या, काहींना त्यावरून छळ सोसावा लागला होता, हे त्या प्रकल्पातल्या लोकांनीच उघडपणे नोंदवलं. नाव बदलण्याचा प्रश्न २०२१ मध्ये उघडपणे चर्चेला आला, पर्याय मागवले, वापरणाऱ्यांची मतं घेतली. २०२३ मध्ये जाहीर केलं की नवं नाव 'रॉक'. ज्या रोकांकूर गावी हे काम सुरू झालं त्याची ही आठवण. आणि मार्च २०२५ मध्ये रॉक या नावानं पहिली आवृत्ती बाहेर पडली. घाई नाही, आदळआपट नाही. जुन्या कामाचा मान राखून, जे काम करतात त्यांनीच बदललं.

आता गंमत बघा. त्याच मार्च २०२५ मध्ये गिम्पचीही नवी, तिसऱ्या क्रमांकाची मोठी आवृत्ती आली. तिची कित्येक वर्षं वाट बघितली गेली होती. आतलं पुष्कळ काही बदललं. नाव तेवढं तसंच राहिलं.

मला खटकतं ते इथे. फ्रेंचांचा कोंबडा निर्दोष होता. इंग्रजीनं त्याच्यावर आळ आणला. एखादा मराठी माणूस म्हणेल, आम्ही इंग्रजीच्या तालावर का नाचायचं, आमच्या भाषेत वाईट अर्थ नाही ना? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. इंग्रजीची दादागिरी आपण रोज सोसतो. तरी त्या लोकांनी पाहिलं की ज्या खोलीत बायका बोलायला उभ्या राहतात तिथली भाषा इंग्रजी आहे, आणि नाव बदललं. गिम्पचं नाव तर इंग्रजीतच, अर्थ माहीत असताना, ठेवलेलं. ज्यांचा दोष नव्हता त्यांनी बदललं, ज्यांची गंमत होती ते भाषेच्या निर्जंतुकपणाची काळजी वाहतात.

त्या काळजीबद्दलही थोडं बोलते. भाषा धुऊन काढावी असं आपल्या चळवळीनं कधी म्हटलेलं नाही. आपण शब्द बदलले ते जास्त नेमके व्हावेत म्हणून. 'छेडछाड' हा शब्द आठवा. त्यात थोडी थट्टा, थोडं तारुण्य, गाण्यातला नायक असं सगळं होतं. बाई तक्रार द्यायला गेली की ठाण्यातला हवालदार हसायचा. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखा प्रकरणात कामाच्या ठिकाणचा 'लैंगिक छळ' म्हणजे काय ते लिहून दिलं, २०१३ मध्ये कायदा झाला, आणि तीच गोष्ट तक्रार म्हणून लिहिता येऊ लागली. हसणं संपलं असं नाही, पण कागदावर हसता येईना. हे काही निर्जंतुकीकरण नाही. उलट घाण कुठे आहे त्यावर बोट ठेवणं आहे.

म्हणून माझं मत असं की गिम्पनं नाव बदलावं. रॉकवाल्यांसारखं दोन-तीन वर्षं घेऊन, वापरणाऱ्यांना विचारून, त्यातही अपंग वापरणाऱ्यांना आधी विचारून बदलावं. चित्रं काढण्याच्या साधनाला चांगलं नाव सापडत नाही अशी काही जगातल्या भाषांची परिस्थिती नाही.

पण एक गोष्ट आम्हाला बैठकीत कबूल करावी लागली, ती इथेही करते. इतकी वर्षं आपण हा प्रोग्रॅम वापरला. त्याला एक रुपया दिला नाही, एखादी चूक सापडली तर ती कळवलीही नाही. स्वतःचा वेळ घालून तो सांभाळणाऱ्या माणसांना 'नाव बदला' एवढंच सांगायला जायचं, हे मला शोभणारं वाटत नाही. जात्यावर न बसता ओवी सुधारायला सांगणं झालं ते. ग्लिम्प्स बंद पडलं त्यात नावाच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ आणि दळणारे थोडे, हेही कारण असणार.

यावर बाईंनीच तोडगा काढला, तो आता ठरला आहे. आपल्या 'चला गिम्प शिकूया' या पुस्तिकेच्या चारशे प्रती छापून तयार आहेत, त्यातल्या जेमतेम साठ गेल्यात. त्या रद्दीत घालण्याइतके पैसे गटाकडे नाहीत. तेव्हा उरलेल्या प्रतींच्या मुखपृष्ठावर 'चला चित्रं करूया' अशी पट्टी चिकटवायची, आणि आत पहिल्या पानावर हा प्रोग्रॅम कुठला, त्याचं नाव काय, त्या शब्दाचा अर्थ काय आणि आपल्याला तो का पटत नाही, हे चार ओळींत छापून लावायचं. नाव लपवायचं नाही, कारण बाईला उद्या कॉम्प्युटरवर तो शोधायचा आहे. पण तिनं डिक्शनरीत बघण्याआधी आपण सांगायचं. दरवर्षी गटाच्या खर्चात त्या प्रकल्पाला द्यायला थोडी रक्कम धरायची. आणि त्यांना पत्र लिहायचं, ते आपण नाही, शिबिरातल्या चौदाजणींनी, मराठीत. खाली इंग्रजी भाषांतर आपण करून देऊ.

पत्राचा मसुदा शिवणकामवालीनं लिहून पाठवलाय. सुरुवातीलाच तिनं लिहिलंय की तुमच्या प्रोग्रॅमवर मी माझ्या दुकानाचा बोर्ड तयार केला, तो छान झालाय, फोटो सोबत जोडला आहे. नावाचा विषय तिसऱ्या परिच्छेदात येतो.

पट्ट्या चिकटवायला येत्या महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी दोननंतर हात हवे आहेत. खळ आम्ही करून ठेवू. या वेळी जागा तळमजल्यावर घेतली आहे.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीने